गणवेश वेळेवर, मापाचा आणि मानाने

जूनच्या मध्यास शाळा सुरू होतात. पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा, तलासरी या भागांतील अनेक वारली व कातकरी कुटुंबांसाठी हेच दिवस ओढगस्तीचे असतात. दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर गेलेली माणसे नुकतीच पाड्यावर परतलेली असतात आणि हाती असलेला पैसा भाताच्या पेरणीत जातो. मुलांचा गणवेश मागे पडतो.

ही अडचण ओळखूनच समग्र शिक्षा योजनेतून इयत्ता पहिली ते आठवीच्या सर्व मुली, तसेच अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती व दारिद्र्यरेषेखालील मुलगे यांना प्रत्येकी ३०० रुपयांचे दोन गणवेश देण्याची तरतूद झाली. २०२३-२४ पासून महाराष्ट्र शासनाने उरलेल्या मुलांनाही हा लाभ दिला. पुढच्या वर्षी राज्यभर एकाच रंगाचा गणवेश ठरला. कापडाची खरेदी एकत्रित झाली व शिलाई महिला बचत गटांकडे सोपविण्यात आली. महिलांना काम मिळावे हा हेतू स्तुत्य होता. परंतु अनेक शाळांत गणवेश कित्येक महिने पोहोचले नाहीत आणि जे आले त्यांतील बरेच मुलांच्या अंगाला बसेनात. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने निर्णय फिरविला व २०२५-२६ पासून हे काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. मुलाचे माप त्याच्या गावालाच ठाऊक असते, हा यातला धडा आहे.

गणवेशाचा उद्देश समतेचा आहे. श्रीमंत-गरीब हा भेद वर्गाच्या दाराबाहेर राहावा, यासाठी तो असतो. तो उशिरा आला किंवा ढगळ आला, तर गरीब मूलच चारचौघांत उठून दिसते.

आमच्या दृष्टीने आणखी एक बाब महत्त्वाची आहे. ही योजना शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांपुरती आहे. खासगी अनुदानित शाळांतील मुले तिच्या बाहेर राहतात आणि मिशनच्या अनेक शाळा याच वर्गात मोडतात. शिवाय आठवीनंतर योजना संपते. त्यामुळे एकाच घरातील धाकट्या बहिणीला जिल्हा परिषद शाळेत गणवेश मिळतो, तर नववीत गेलेल्या थोरल्या भावाला मिळत नाही. शाळा सुटण्याचा धोका मात्र याच वयात अधिक असतो.

ही उणीव आपले धर्मग्राम भरून काढू शकतात. त्यासाठी मदत पावसाळ्यात नव्हे, तर एप्रिल-मे महिन्यातच शाळेकडे पोहोचावी. जुने कपडे गोळा करण्याऐवजी गावातील शिंप्याकडून मुलांच्या मापाचे गणवेश शिवून घ्यावेत. आणि वाटपाचे समारंभ व छायाचित्रे टाळावीत. मुलाला आपली गरिबी व्यासपीठावर मांडावी लागू नये.

ज्याच्याजवळ दोन वस्त्रे आहेत त्याने एक द्यावे, असा बोध योहान बाप्तिस्ताने केल्याचे लूककृत शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आपण वाचतो. शासनाकडे आपण पाठपुरावा करूच. पण येत्या जूनमध्ये आपल्या शाळेतील एकही मूल गणवेशावाचून मागच्या बाकावर बसणार नाही, एवढे पाहणे आपल्याच हाती आहे.