बियाण्याची कणगी

गणिताने समुद्र वाचेल काय, असे कोणी विचारले तर आपण कलाशाखेचे विद्यार्थी हसू. पण ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारे २,३०० किलोमीटर पसरलेल्या 'ग्रेट बॅरियर रीफ'चे उदाहरण पाहा. तेथे जवळजवळ तीन हजार प्रवाळभित्ती आहेत. साऱ्यांची सारखी राखण अशक्य. मग आधी कोणती राखावी? समुद्रप्रवाहांचे गणिती प्रारूप मांडून शास्त्रज्ञांनी प्रवाळांचे इवले डिंभ कोठून कोठे वाहत जातात, हे तपासले. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, तुलनेने सुरक्षित अशा सुमारे शंभर भित्ती जवळजवळ निम्म्या क्षेत्राला नवी पिढी पुरवू शकतात. दुष्काळातही शेतकरी बियाण्याची कणगी फोडत नाही. ही तीच कणगी!

मात्र प्रारूप म्हणजे भविष्यवाणी नव्हे. 'असे केले तर असे घडेल' एवढेच ते सांगते. २०१६, २०१७, २०२०, २०२२ आणि २०२४ साली तापलेल्या पाण्याने तेथील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. समुद्र तापवणारा कोळसा किती जाळायचा, हे प्रारूप ठरवणार नाही. माणसालाच ठरवावे लागेल. आणि माणसाचा प्रश्न केवळ विज्ञानशाखेवर सोपवून आपल्याला कसे चालेल?