तेलाचं नवं-जुनं

बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला गाडीच्या इंजिनातलं काय कळतं, असं विचारणाऱ्यांचं तोंड मी एका वाक्यात बंद करतो. इंजिनातलं नसेल कळत; नवं-जुनं कळतं!

नवं-जुनं ठाऊक नसलेला माणूस भंडारा जिल्ह्यात शोधावा लागेल, तरी सांगतो. पीककर्जाची मुदत भरत आली, की कुणाकडून तरी चार दिवसांच्या बोलीवर पैसे आणायचे, जुनं कर्ज फेडायचं आणि लगेच नवं उचलून ज्याचे त्याला परत करायचे. कागदावर खातं कसं आंघोळ करून आल्यासारखं दिसतं. आत देणं तेच. हेच आमचे पिकअपवाले ऑईलच्या बाबतीत करतात. जुनं ऑईल काढायचं नाही, वरून अर्धा लिटर ओतायचं, गेज फुल्ल दाखवतो म्हणून मिशीला पीळ द्यायचा. याच्याशी माझं भांडण आहे.

भांडणाला कारण माझा भाचा. लाखनीचा. त्याने जुनी पिकअप घेतली, कर्ज काढलं आणि जामीन कोण? मामा! मामा बँकेत आहे म्हणजे मामाच्या सहीला सोन्याचं पाणी असतं, असा आमच्या ताईचा समज आहे. भाचा कष्टाळू. रात्री वांगी-टमाटे भरून नागपूरच्या कळमन्याला, हंगामात धान घेऊन तुमसरला. रोज सकाळी अगरबत्ती ओवाळून गेज बघायचा. मी एकदा विचारलं, "अरे, ऑईल बदललंस कधी?"

"कमीच नाई झालं त बदलवू कायले जी मामा?" तो म्हणाला. "कमी झालं का टाकतो ना वरतून."

मी बी.कॉम. माणूस. इतक्या सरळ हिशेबापुढे गप्प बसलो. ती चूक माझी.

दीड वर्षाने एका रात्री अडीच वाजता फोन आला. मौद्याच्या अलीकडे, वांग्यांसकट, इंजिन जाम. इंजिन जाम त्याचं, जामीन मी. मराठी भाषेने हा विनोद आधीच करून ठेवला होता, मला फक्त हप्ते भरायचे होते.

मेकॅनिकने चेंबर उतरवला तेव्हा मी मुद्दाम हजर राहिलो. आतून तेल निघालं नाही, काकवी निघाली. तळाला चिखल, आणि ज्या जाळीतून पंप तेल ओढतो ती जाळी त्या चिखलाने लिंपलेली. म्हणजे चेंबर भरलेला आणि क्रँकची बेअरिंगं कोरडी! तिजोरीत नोटा आहेत, पण काउंटरपर्यंत एकही पोचत नाही. डॅशबोर्डवरचा झारीचं चित्र असलेला लाल दिवा आठ दिवस पेटत होता म्हणे. भाच्याने गेज पाहिला, फुल्ल दिसला, म्हणून दिवाच बिघडला असं ठरवलं आणि त्यावर लिंबू-मिरचीचं स्टिकर लावलं. तो दिवा तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाला दाब आहे की नाही हे सांगतो. गेज आणि दिवा ही दोन वेगळी खाती आहेत. एकातली शिल्लक दाखवून दुसऱ्याची नोटीस परतवता येत नाही.

'वरून टाका' पक्षाचा मुद्दा मला ठाऊक आहे: नवं तेल मिसळलं की जुनं सुधारतं. बुडीत खात्यात नवे पैसे घातले की खातं सुधारतं का? तेलात काजळी साठते, जळणातून आम्ल तयार होतं, आणि या दोघांना आवरणारी द्रव्यं खर्च होत जातात. अर्ध्या लिटराने त्यांतली थोडी परत येतात. काजळी जिथल्या तिथे.

दुसरा पक्ष बोटांवाल्यांचा. हे गेजचं तेल अंगठ्यावर चोळतात, हुंगतात आणि "काळं झालं, फेका" असा निकाल देतात. डिझेलचं ऑईल थोड्याच दिवसांत काळं होतंच. काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. काम करणाऱ्याचे हात मळले म्हणून त्याला कुणी नोकरीवरून काढतं का? (आमच्याकडे उलट होतं, ते सोडा.) रंग बघून तेल ठरवू नका. गाडीसोबतच्या पुस्तकात किलोमीटर आणि महिने लिहिलेले असतात, धूळ आणि ओझं जास्त असेल तर त्याआधी बदला असंही असतं. ते पासबुकासारखं तारखेनिशी लिहून ठेवा.

"आमच्या आबांच्या ट्रॅक्टरनं कधी ऑईल बदललं नाही" असंही ऐकवतात. त्या ट्रॅक्टरने उभ्या आयुष्यात कळमना पाहिला नव्हता.

आता भाचा माझ्या देखरेखीखाली ऑईल बदलतो. गाडी फिरवून, गरम असताना तेल काढायचं, म्हणजे मळ बरोबर निघतो. फिल्टर नवा, जुना ठेवला तर मागील शिल्लक पुढे ओढल्यासारखं होतं. जुनं ऑईल सेंट्रिंगवाला पाट्यांना लावायला मागतो, शेजारी वाळवीला मागतो, उरलेलं नालीत जायचं. ते मी बंद केलं. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात धरलं आहे, आणि नालीचं पाणी शेवटी वैनगंगेलाच जातं. डबा भरला की परवानाधारकाकडे.

गेज बघायचं शास्त्रही शिकवलं. गाडी सपाटीवर, इंजिन बंद करून थोडा वेळ थांबायचं, पट्टी एकदा काढून पुसायची आणि पुन्हा घालून मग वाचायची. पहिलं वाचन खोटं. आणि खुणेच्या वर तेल दिसलं तर आनंद करायचा नाही. कॅशमध्ये पैसे जास्त निघाले की कॅशिअरचा चेहरा कसा होतो, तसा करायचा; डिझेल किंवा पाणी आत उतरत असू शकतं.

दर रविवारी त्याचा फोन येतो, शिल्लक सांगायला. परवा आवाजात उत्साह होता.

"मामा, यंदा ऑईल कमी व्हाचं सोडून वाढलं जी!"

"किल्ली काढ," मी ओरडलो, "आणि गाडीला हात लावू नकोस. मी निघालो."