गोळा मस्त, पण कॅमेरा वैताग!

बाप नशेत आकाशातले सगळे तारे फोडून टाकतो आणि निस्तरायला पाठवतो पोराला. 2004 मध्ये नामकोने प्लेस्टेशन 2 वर आणलेल्या 'कातामारी दामाशी' या जपानी गेमची ही अख्खी स्टोरी. पोरगा म्हणजे प्रिन्स, उंची जेमतेम 5 सेंटिमीटर. हातात ना तलवार ना बंदूक, फक्त एक चिकट गोळा. तो घरंगळवत न्यायचा. गोळ्यापेक्षा लहान असेल ते सगळं त्याला चिकटतं. वेळ संपायच्या आत ठरलेला आकार गाठला, की गोळ्याचा तारा होतो.

ऐकायला येडेपणा वाटतो ना? खेळून बघा. सुरुवातीला पिना आणि खोडरबर गोळा करताना एखादं मांजर धडक देतं आणि जमवलेलं अर्धं सांडतं. पुढे गोळा फुगतो आणि तुम्ही त्याच मांजराला गुंडाळून रस्त्यावर येता. मग सायकली, माणसं, घरं! लेव्हल वाढली म्हणून स्क्रीनवर आकडा दाखवणारे गेम ढीगभर आहेत. इथे जगच तुमच्यासमोर लहान होत जातं. गेम बनवणारे केइता ताकाहाशी मुळात शिल्पकला शिकलेले, ते इथे जाणवतं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने 2012 मध्ये हा गेम आपल्या संग्रहात घेतला, तो उगाच नाही.

आणि ते राजेसाहेब! इंग्रजी आवृत्तीत स्वतःला 'आम्ही' म्हणतात. चूक यांची, पण गोळा लहान राहिला की बोलणी प्रिन्सला. मोठा करून नेला तरी कौतुक हातचं राखून. 92 टक्क्यांवर 'उरलेले आठ कुठे गेले?' ऐकलेल्यांना हे नव्याने सांगायला नको. फक्त प्रिन्स एकदाही उलटून बोलत नाही, हे मला खटकतं.

त्याहून खटकतो तो कॅमेरा. कोपऱ्यात अडकलात की समोर भिंतीशिवाय काही दिसत नाही, आणि घड्याळ पळतच असतं. दोन्ही स्टिक एकदम ढकलायच्या, वळायला वेगवेगळ्या. हात बसेपर्यंत चिडचिड होते. वृषभ राशीच्या लेव्हलमध्ये तर सगळ्यात मोठी गाय शोधायची असते, पण गाईशी संबंधित एखादी चिल्लर वस्तू चुकून चिकटली तरी खेळ खल्लास! चाहते यालाही 'गंमत' म्हणतात. मला नाही पटत. विक्षिप्तपणा कथेत हवा, कॅमेऱ्यात कशाला? 2018 मध्ये पीसी आणि स्विचवर 'रीरोल' आला, चित्रं चकचकीत झाली, पण कॅमेऱ्याची कटकट बरीचशी तशीच राहिली.

शिवाय गेम छोटा, दोन-तीन संध्याकाळींत संपतो. तेव्हा पूर्ण किंमत मोजू नका, सेल लागू द्या. लॅपटॉपवर खेळणार असाल तर आधी मित्राकडून कंट्रोलर उसना आणा, कीबोर्डच्या नादी लागू नका. आणि हेडफोन लावाच. ते टायटल साँग पुढचे चार दिवस लेक्चरला बसल्या-बसल्याही गुणगुणाल.