परिवेश नावाचे कारण

मराठीतील प्रादेशिक कादंबरीवरचा कोणताही विद्यापीठीय प्रबंध उघडला, तर त्याचे दुसरे प्रकरण बहुधा लेखकाच्या परिसराला वाहिलेले आढळते. नद्या, डोंगर, पिके, जाती, सण आणि बोली यांची जंत्री तेथे दिलेली असते. आणि तिसऱ्या प्रकरणापासून, कादंबरी त्या जंत्रीतून जणू आपोआप निष्पन्न झाली, अशा थाटात विवेचन सुरू होते. या पद्धतीचे मूळ इपोलित तेन याच्या इंग्रजी साहित्याच्या इतिहासात (1863–64) आहे, हे आपण पदव्युत्तर वर्गात शिकवतो. वंश, परिस्थिती आणि युग ही त्याची त्रयी विद्यार्थी पाठ करतात, ती अपुरी का ठरली हेही उत्तरपत्रिकेत लिहितात, आणि संशोधनाला बसले की पुन्हा तेनकडेच परततात. यात त्यांचा दोष कमी, मार्गदर्शकांचा अधिक. असे प्रबंध मीही मार्गी लावले आहेत.

परिवेश निर्मितीला घडवतो, हे विधान खोटे आहे असे मला म्हणायचे नाही. ते इतके सैल आहे की ते खोटे ठरण्याची सोयच नाही, ही माझी तक्रार आहे. श्री. ना. पेंडसे यांचा जन्म 1913 मध्ये दापोलीजवळच्या मुर्डीचा. पण लहानपणीच ते मुंबईला आले आणि पुढे त्यांनी बेस्टमध्ये नोकरी केली. ‘एल्गार’ (1949) आणि ‘गारंबीचा बापू’ (1952) यांचा मुलूख कोकणचा, लिहिणारा मात्र मुंबईकर. उलट र. वा. दिघे खोपोलीच्या परिसरात शेती करीत, शेतकऱ्यांत राहून लिहीत होते. तरीही ‘पाणकळा’ (1939) आणि ‘सराई’ (1943) यांचा ओढा अद्भुतरम्यतेकडे आहे. म्हणजे जो मातीत उभा होता त्याने रम्याद्भुत लिहिले आणि जो दूर गेला त्याने वास्तवाचा बारकावा साधला. परिवेश हे कारण मानले, तर या व्यत्यासाचा उलगडा कसा करायचा? ‘बालपणीचे संस्कार’ हे उत्तर तयार असतेच. ते दिल्याने प्रश्न एक पायरी मागे सरकतो, इतकेच. पेंडशांची गारंबी समजून घ्यायची तर दापोलीच्या पर्जन्यमानापेक्षा स्मृतीने काय गाळले आणि वास्तववादी कादंबरीच्या संकेताने काय मागितले, याची चौकशी अधिक उपयोगी पडेल.

आणखी एक आक्षेप आहे, आणि मला तो अधिक मूलगामी वाटतो. परिवेश ही निर्मितीच्या आधीची, निसर्गदत्त वस्तू आहे असे आपण गृहीत धरतो. मी रोह्यालगतच्या वरसे येथे राहतो. कुंडलिका ही आमच्या बाजूची नदी. ती उन्हाळ्यातही वाहती असते आणि स्थानिक कवींना तिच्या या बारमाहीपणाचे मोठे कौतुक आहे. परंतु ते पाणी मूळचे तिचे नव्हे. मुळशीला अडवलेले आणि एरवी मुळा-भीमेच्या वाटेने पूर्व समुद्राकडे गेले असते असे हे पाणी, वीज निर्माण करून भिरा येथे पश्चिमेला सोडले जाते. ते केंद्र 1927 मध्ये सुरू झाले. ज्यांच्या जमिनी त्या धरणाखाली गेल्या, त्यांचा सत्याग्रह 1921 पासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली झाला. कोलाडजवळ रबरी होड्यांतून जाणाऱ्या पर्यटकांची वेळसुद्धा विसर्गाच्या वेळापत्रकावर ठरते. अशा नदीवर ‘निसर्गकविता’ लिहिणारा कवी नकळत अभियंत्यांच्या कल्पनेवर आणि विस्थापितांच्या पराभवावर लिहीत असतो. हा परिवेश स्वतःच कोणाची तरी निर्मिती आहे. धाटावच्या रासायनिक कारखान्यांविषयी तर वेगळे सांगायला नको. तेव्हा कारण कोणते आणि कार्य कोणते?

सामाजिक परिवेशाबाबत मात्र मी काहीसा तेनच्या बाजूचा आहे, आणि नेमके तेथेच आपले दुसरे प्रकरण मौन पाळते. ‘बहिणाबाईंची गाणी’ 1952 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर एका वर्षाने, प्रसिद्ध झाली. जात्यावर ओवी रचणाऱ्या स्त्रिया खानदेशात असंख्य होत्या. लिहिता न येणाऱ्या आईची गाणी उतरून घेणारा कविपुत्र आणि ती अत्र्यांपर्यंत पोहोचवणारी वाट प्रत्येकीच्या घरी नव्हती. आमच्या भागात आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. ती परंपरेतले गाते की प्रसंग पाहून नवे जोडते, हा प्रश्न तिला विचारणारे थोडेच. छापील संकलनावर नाव येते ते संकलकाचे. कागद, फुरसत आणि श्रोता यांचे वाटप कोणाकडे कसे झाले, हा परिवेशाचा खरा आशय होय. भातशेतीच्या वर्णनाने त्याची भरपाई होत नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी 1983 मध्ये ‘साहित्यातील देशीयता’ मांडली तेव्हा तिला एक प्रतिपक्ष होता: उसन्या वाङ्मयीन मूल्यांचे वर्चस्व. त्या मांडणीशी मतभेद ठेवूनही तिचे सामर्थ्य मान्य करावे लागते. तिच्या अनुयायांनी मात्र भूमीचा सातबारा केला. कोणी कशावर लिहावे याच्या नोंदी त्यात आधीच झालेल्या असतात, आणि त्यांचा जाच होतो तो ग्रामीण, आगरी, आदिवासी घरांतून प्रथमच लिहू लागलेल्यांना. पुण्यामुंबईच्या लेखकाने हिमालयावर लिहिले तर ती प्रतिभेची झेप. आमच्या विद्यार्थ्याने लिहिले तर ते मुळांपासून तुटणे!

काही वर्षांपूर्वी एका कथालेखन शिबिरात माझ्या एका विद्यार्थ्याने कथा वाचली. कारखान्यात पाळीचे काम करणाऱ्याचा हा मुलगा. त्याची कथा मात्र एका निर्मनुष्य ग्रंथालयात रात्र काढणाऱ्या माणसाची होती. परीक्षकांनी भाषेची स्तुती केली आणि विचारले, “यात तुमचा परिवेश कुठे आहे?” तो गप्प राहिला. पुढच्या शिबिरात त्याने भातलावणीवर कथा आणली. तिला पारितोषिक मिळाले. पहिली कथा त्याच्या वहीतच आहे. ती मी दोनदा मागितली, त्याने दिली नाही.