खरी जखम आणि कोरा कागद

घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुनर्विकासाचे काम सुरू झाले आणि कुटुंबांमागून कुटुंबे भाड्याच्या घरात गेली. अशा हलवाहलवीत पत्र्याच्या पेट्या रिकाम्या होतात. भांडी जातात, टीव्ही जातो, बाबासाहेबांची तसबीर तर सर्वांआधी जाते. रद्दीत निघते ते आजोबांचे डिस्चार्ज बुक, पेन्शनचा जुना हुकूम आणि लष्करी रुग्णालयाचा पिवळा पडलेला कागद. ज्या घरात कोणी सैन्यात होते, त्या प्रत्येक घराला आमचे सांगणे आहे की ती पेटी आधी उघडून बघा.

सैन्याशी आमच्या समाजाचे नाते नव्याने सांगायला नको. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली सरकारकडे विनंतीअर्ज केला. पुढे बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. भरतीचा हक्क असा झगडून मिळाला. पण भरती झालेला जवान शरीराने वा मनाने मोडून परत आला तर त्याचे पुढे काय, यावर आपल्या व्यासपीठांवरून फारसे बोलले जात नाही.

कायदा काय म्हणतो? धरमवीर सिंग नावाचा जवान १९८५ साली भरती झाला. सुमारे ९ वर्षांच्या सेवेनंतर १९९४ साली फिट्सच्या आजारामुळे, २० टक्के अपंगत्व दाखवून, त्याला घरी पाठवले. मेडिकल बोर्डाने आजाराचा सेवेशी संबंध नाही असा शेरा मारला आणि पेन्शन नाकारली गेली. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तो त्याच्या बाजूने. न्यायालयाचे म्हणणे सरळ होते. भरतीच्या वेळी तपासून घेतलेल्या माणसाच्या कागदावर आजाराची नोंद नसेल तर तो तेव्हा निरोगी होता असे धरायचे. पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असे मानायचे. तसे नसेल तर ते सिद्ध करण्याचा भार सरकारवर. बोर्डाला वेगळे म्हणायचे असेल तर त्याने कारणे लिहिली पाहिजेत.

म्हणजे सारा निकाल उभा राहिला तो एका नोंदीवर, किंबहुना नोंद नसण्यावर. तरीही २०२५ साली राजूमोन टी. एम. खटल्यात बोर्डाचे मत कारणांविना टिकत नाही हे सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. ज्या डॉक्टरच्या एका ओळीवर जवानाच्या चुलीत काय शिजणार ते ठरते, त्याने ती ओळ का लिहिली हे सांगायला नको काय? अपंगत्व १९ टक्के लिहिले की दार बंद होते आणि २० टक्के लिहिले की उघडते. हा एका टक्क्याचा फरक कोणत्या तपासणीने काढला, ते विचारण्याचा जवानाला पूर्ण हक्क आहे.

आता आमच्याच माणसांना दोन कडू शब्द. सेवेत असताना दुखणे लपवण्याची जवानांत रीतच आहे. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की बढती अडते, साथीदार हसतात. म्हणून गुडघा सुजला तरी गोळी गिळून परेडला उभे राहायचे. कानाने कमी ऐकू येते, ते सांगायचे नाही. रात्री दचकून उठतो, ते तर मुळीच नाही. पुढे १० वर्षांनी बोर्डासमोर हाच जवान सांगतो की साहेब, तेव्हापासून त्रास आहे. डॉक्टर फाइल उघडतो तर ती कोरी. जखम खरी असते, पण तिचा साक्षीदार त्याने स्वतःच गप्प बसवलेला असतो. पडल्या-लागल्याचा इंज्युरी रिपोर्ट त्याच वेळी भरून घेण्यात कमीपणा कसला?

या कोऱ्या जागेवर मग दलालाची नजर जाते. थकबाकीत वाटा ठरवून तो मागील तारखेचे दाखले आणून देतो, लंगडून कसे चालायचे तेही शिकवतो. आम्ही वकील म्हणून सांगतो, असा कागद दाव्याला जोडणे म्हणजे स्वतःच्या खऱ्या कागदांवर शाई ओतणे आहे. लष्करी नोंदीशी त्याची तारीख जुळत नाही आणि मग खऱ्या नोंदीकडेही संशयाने पाहिले जाते. पंचशीलातील चौथे शील विहारात म्हणायचे आणि कोर्टात गुंडाळून ठेवायचे, हे धम्मात बसत नाही.

आणि खोट्या दाखल्याने काय होते हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असावे? बोगस जातीच्या दाखल्यांवर आपल्या मुलांच्या जागा वर्षानुवर्षे लुटल्या गेल्या. त्याविरुद्ध मोर्चे काढले, २००१ चा पडताळणी कायदा आला, २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा जागा टिकणार नाहीत असे ठणकावले. तिथे आपण फिर्यादी होतो. आजाराच्या दाखल्याला वेगळा न्याय लावता येणार नाही. अपंगत्व पेन्शनचा गैरवापर होतो अशी ओरड झाली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये नवे नियम आले. माजी सैनिकांच्या संघटनांनी त्यांना विरोध केला, तो रास्तच होता. चार लबाडांसाठी सगळ्या जवानांना संशयित ठरवणे हा न्याय नव्हे. पण लबाडांनी सरकारच्या हाती काठी दिली हेही तितकेच खरे.

तेव्हा पेटी उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा हुकूम, रुग्णालयातून सुटतानाचा प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून भाड्याच्या घरी न्या. काही हरवले असेल तर सैनिक क्रमांक घालून रेकॉर्ड ऑफिसला लिहा. महार रेजिमेंटचे कार्यालय मध्य प्रदेशात सागर येथे आहे. मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत माहिती अधिकारात मागा, नुसता निष्कर्ष नको, पूर्ण कार्यवाही मागा. शेऱ्यामागे कारणे नसतील तर अपील करा आणि तेथे दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे. पती हयात नसेल तर त्याच्या हयातीतील थकबाकीबद्दल पत्नीने विचारणा करावी. मात्र लवकर, कारण जितका उशीर तितकी थकबाकीवर कात्री लागण्याची भीती. अर्जात जेवढे घडले तेवढेच लिहा. आकडा कमी भरला तरी चालेल, त्याला दुरुस्तीचा मार्ग आहे.