माणूस हलला नाही, राज्य हलले!

बेळगावचा चालक कोल्हापुरास बिऱ्हाड हलवितो, तेव्हा त्याचा वाहन चालविण्याचा परवाना रद्द होत नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे तेरावे कलम तो साऱ्या भारतात ग्राह्य ठरविते. गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ तेथे राहिली, तर मात्र नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. ना-हरकत दाखल्याचे हेलपाटे वेगळेच! परंतु १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्यांनी घरचा उंबरठाही ओलांडला नाही, त्यांच्यावर म्हैसूर राज्य येऊन बसले. हलणाऱ्याच्या परवान्यास जे संरक्षण, ते न हलणाऱ्याच्या मातृभाषेस का नसावे? राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार घटनेचे ३५० वे कलम देते. परिवहन कचेरीतील अर्जाचा नमुना मराठीत मिळालाच पाहिजे. तो मिळेपर्यंत आमची निवेदने मराठीतच जातील.