डाग दिसण्याआधीचे चार दिवस



द्राक्षाच्या पानावर तेलकट डाग दिसला की बागवाला आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "कालच्या ढगानं घात केला." मी त्याला सांगतो, "बाबा, केवडा काल आलेला नाही. चार-सहा दिवसांपूर्वी पान ओले राहिले, बुरशी तेव्हाच आत शिरली. डाग आज दिसला, एवढेच." बांधाबांधावर हे सांगत हिंडणाऱ्या माणसाने स्वतःच्या बाबतीत मात्र काय केले, ते आज लिहितो.

गेल्या श्रावणात मला फ्लू झाला. अंग मोडून आले, १०२ ताप, घसा सोललेला, कोरडा खोकला. घरात लगेच पंचनामा सुरू झाला. पत्नी म्हणाली, "रात्री ताक प्यालात." आई म्हणाली, "पेरू खाल्लास." मी म्हणालो, शिवारफेरीत भिजलो. तिघांचाही गुन्हेगार आदल्या दिवसाचा! आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ताक राहू द्या. गेल्या चार दिवसांत कोणाकोणाच्या जवळ बसला होता, ते सांगा."

फ्लूची लागण झाल्यापासून आजार दिसेपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोन. थंडीने किंवा भिजण्याने फ्लूचा विषाणू तयार होत नाही. पाऊस एवढेच करतो की, आपल्याला दारे-खिडक्या लावून एकमेकांच्या श्वासात बसवतो. खोकताना, शिंकताना, मोठ्याने बोलतानासुद्धा तोंडातून बारीक तुषार उडतात आणि कोंदट जागेत ते हवेत राहतात. तुषार लागलेला हात नाकाडोळ्याला लागला तरी काम होते.

मी मागे मोजत गेलो. ताप आला शुक्रवारी. बुधवारी तालुक्याहून वडापच्या जीपने आलो होतो. आत अकरा माणसे, पावसामुळे ताडपत्रीचे पडदे खाली सोडलेले, तासाभराची वाट. शेजारचे गृहस्थ सारखे खोकत होते. त्यांना ठसका लागला म्हणून मी माझी पाण्याची बाटली दिली आणि उरलेले पाणी नंतर मीच प्यालो. पाणी देणे चुकीचे नव्हते. ओंजळीत ओतायचे सुचले नाही. मंगळवारी रात्री देवळात कीर्तन होते, तिथेही गाभाऱ्याजवळ खांद्याला खांदा लावून बसलो होतो. लागण नेमकी कुठे झाली ते सांगता येणार नाही, पण पेरू त्यात निर्दोष होता हे नक्की.

इथवर ठीक होते. पण बाईंनी पुढे विचारले, "आणि गुरुवारी?"

गुरुवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात माझाच वर्ग होता. चाळीस-एक शेतकरी आले होते. सरी आत येऊ लागल्या म्हणून खिडक्या मीच लावल्या. ध्वनिक्षेपक बिघडलेला, म्हणून दीड तास ओरडून बोललो. घसा खवखवत होता, त्यावर चहा घेतला. आणि फ्लूचा माणूस तर ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच रोग वाटू लागतो!

त्याच संध्याकाळी घरी येऊन आईच्या डोळ्यांत थेंब घातले. तिचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेले, थेंब घालायचे काम माझे. तिच्या तोंडापासून माझे तोंड वीतभर अंतरावर. रविवारी तिला ताप आला, मंगळवारी धाप लागली. फुप्फुसात न्यूमोनिया होऊन ती सहा दिवस दवाखान्यात होती. आज ती ओसरीवर मेथी निवडत बसली आहे म्हणून हे लिहायला हात उचलतो.

आईच्या सासूबाई मानमोडीच्या साथीच्या गोष्टी सांगत. तोही फ्लूच. १९१८ च्या जूनमध्ये तो मुंबईत दिसला आणि आगगाडीच्या माणसांबरोबर गावोगाव गेला. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट फार वाईट होती. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेलेला. देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली. आजचा फ्लू तसा नाही, पण म्हातारी माणसे, पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाया, दमा किंवा मधुमेह असलेले यांना तो आजही आडवा करतो. अशांनी दरवर्षीच्या फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावे.

आमच्या घरात आता असे चालते. घसा खवखवला की त्या दिवसापासूनच तो माणूस वेगळ्या खोलीत, खिडकी उघडी. आईचे औषधपाणी दुसरा बघतो. खोकला आला तर कोपरात किंवा रुमालात, आणि हात साबणाने. पुरुषांना हे जमते. घरच्या बाईची मात्र चूल सुटत नाही आणि पोरही सुटत नाही, हे मला माहीत आहे. भगिनींनो, अशा वेळी नाकातोंडावर रुमाल बांधा, पण अंगावरचे दूध तोडू नका. आणि दादांनो, त्या दोन-चार दिवसांत भाकरी तुम्ही थापलीत तर ती गोल होणार नाही, पण पोट भरेल. चुलीचा धूर कोंडू देऊ नका; लहान मुलांच्या छातीला तो वाईट.

दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणून खाऊ नये. विषाणूवर ते चालत नाही. धाप लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, बरळणे, लहान मुलाने दूध-पाणी सोडणे, यांपैकी काही दिसले तर रात्र काढू नका, तडक दवाखाना गाठा. आणि खोकला दोन आठवडे हटला नाही तर फ्लू समजून बसू नका. सरकारी दवाखान्यात क्षयासाठी थुंकीची तपासणी फुकट होते.

वडापमध्ये मी आता कडेला बसतो आणि पडदा चार बोटे वर धरतो. बाही भिजते, शेजारचे कुरकुरतात. यंदाचे वर्ग देवळाच्या ओट्यावर ठेवले आहेत. परवाच एक आजोबा म्हणाले, "साहेब, सभागृहात खुर्च्या होत्या."

पुढच्या अंकात रब्बी ज्वारीसाठी रानात ओल कशी धरून ठेवावी ते पाहू.